मत न देणं हा नैतिक निर्णय असू शकतो का? (घरी बसणं, नोटा आणि ४९-ओ)

कोरी_पाटी (धागाकर्ता)

'या वेळी मी मतच देणार नाही' असं म्हणणारी माणसं हल्ली वाढली आहेत. सुट्टी मिळाली म्हणून फिरायला जाणाऱ्यांबद्दल हा धागा नाही. रोज पेपर वाचणाऱ्यांबद्दल आहे, उमेदवारांचा मागचापुढचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याबद्दल. विचार करूनच ते या निर्णयाला आलेले असतात. ज्या चिन्हाला मत दिलं त्याचा माणूस निकालानंतर कुठल्या बाकावर बसेल याची खात्री उरली नाही. मग माझ्या मताला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

मला वाटतं, मत म्हणजे संमती. 'माझ्या वतीने निर्णय घ्यायला हा लायक आहे' असं मी लिहून देतो. उभ्या असलेल्यांपैकी एकही लायक वाटत नसेल तर संमती नाकारणं हेच प्रामाणिक वागणं. त्याला बेजबाबदारपणा म्हणणं अन्याय आहे.

तुम्हाला काय वाटतं? नुसतं 'कर्तव्य आहे' म्हणू नका. ते का आहे, हेही सांगा.

खडूफळा

मत दिलं नाही तर पुढची पाच वर्षं तक्रार करायची नाही. संपला विषय.

माळरान

@खडूफळा, हे वाक्य फार ऐकलंय, पण त्याला आधार नाही. कर सगळेच भरतात. ग्रामसभेत प्रश्न विचारायला, माहिती अधिकाराचा अर्ज करायला किंवा कोर्टात जायला 'तुम्ही मत दिलं होतं का' असं कुणी विचारत नाही. आणि कायदा काय म्हणतो तेही बघा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, कलम ७९(ड). 'निवडणूकविषयक हक्क' या व्याख्येत मत देणं आहे तसंच मत देण्यापासून दूर राहणंही आहे. म्हणजे न देणं हा कायद्याने मानलेला हक्क आहे. नैतिक आहे की नाही, हा वाद वेगळा.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

वाद पुढे जाण्याआधी एक गोष्ट मांडतो. 'मत न देणं' म्हणून आपण तीन वेगळ्या कृती एका पोत्यात भरतोय. तिन्हींची नोंद वेगळी होते, म्हणून तिन्हींचा अर्थही वेगळा.

घरी बसलात तर तुमच्याबद्दल कुठेही काही लिहिलं जात नाही. यादीच्या प्रतीत तुमच्या नावाखाली रेघ ओढली जात नाही, एवढंच. वारलेला मतदार, गाव सोडून गेलेला मतदार आणि चिडून घरी बसलेला मतदार संध्याकाळी सारखेच दिसतात.

नोटा ('वरीलपैकी कुणीही नाही') म्हणजे यंत्रावरचं सगळ्यात शेवटचं बटण. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्याच वर्षअखेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थान, दिल्ली, मिझोरम या निवडणुकांत ते पहिल्यांदा आलं. हे मत गुप्त राहतं आणि मोजलं जातं.

तिसरं ४९-ओ. निवडणूक नियम १९६१ मधला हा नियम. पहिला अधिकारी यादीत नाव बघतो. दुसरा बोटाला शाई लावतो आणि १७-ए या मतदार नोंदवहीत सही घेतो. या सहीनंतर मतदार म्हणाला की मला मत द्यायचं नाही, तर केंद्राध्यक्षाने त्याच्या नोंदीसमोर तसा शेरा लिहायचा आणि शेऱ्यापुढे मतदाराची पुन्हा सही किंवा अंगठा घ्यायचा. दिवसअखेर १७-सी या हिशेबाच्या नमुन्यात अशा मतदारांचा आकडा वेगळा भरावा लागतो, कारण नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रातली मतं यांचा मेळ त्याशिवाय बसत नाही.

४९-ओची अडचण गुप्ततेची. शेजारी सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात आणि त्यांना हे ऐकू जातं. गुप्तता मोडते म्हणूनच न्यायालयाने नोटाचं बटण द्यायला सांगितलं. नियम मात्र पुस्तकात राहिला, १७-सीतली ओळही राहिली.

सातपुडा

काका, यंत्र सांभाळणाऱ्या तिसऱ्या अधिकाऱ्याने मतदान खुलं करणारं 'बॅलट' बटण दाबल्यावर मतदाराचं मन बदललं तर? तो काही न दाबताच निघून गेला तर यंत्र अडकत नाही का?

केंद्राध्यक्ष_निवृत्त

@सातपुडा, चांगला प्रश्न, प्रशिक्षणात हमखास येतो. बटण दाबलं गेलं की कंट्रोल युनिटवर (यंत्राचा अधिकाऱ्यापाशी असलेला भाग) लाल 'बिझी' दिवा लागतो आणि मत पडेपर्यंत विझत नाही. अशा वेळी पुढच्या मतदाराला आत पाठवायचं, त्याच्यासाठी बटण पुन्हा दाबायचं नाही. नकार देणारा शेवटचा मतदार असेल तर 'बिझी' दिवा चालू असल्याने मतदान बंद करणारं 'क्लोज' बटण चालत नाही. मग कंट्रोल युनिटचा मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा, त्यानंतर 'क्लोज' होतं. नवखा केंद्राध्यक्ष इथे घाबरतो आणि १७-सीचा हिशेब चुकवतो. ज्याला नकार द्यायचाय त्याने सही झाल्या झाल्याच सांगावं, कर्मचाऱ्यांचे हाल वाचतात.

पारावरची_चर्चा

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून सोसायटीच्या बोर्डावर लावायला हवा. पाणी कपातीच्या नोटिशीइतकीच गर्दी होईल :)

उत्तरायण

माहिती छान, पण नोटाने होतं काय? लातूर ग्रामीणला २०१९ च्या विधानसभेत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, मतं २७ हजारांच्या वर. पलूस-कडेगावलाही त्याच वर्षी नोटा दुसरा, २० हजारांवर. इंदूरला २०२४ च्या लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. तिन्ही ठिकाणी निवडून यायचा तो आलाच. नोटा पहिला आला असता तरी विधानसभा-लोकसभेच्या नियमांत काही बदललं नसतं. ज्या उमेदवाराला सर्वाधिक मतं, तो विजयी. अनामत जप्त करताना एक षष्ठांश मतांचा हिशेब लावतात, त्यातही नोटाची मतं धरत नाहीत. मग घरी बसणं आणि नोटा यात नैतिक फरक काय राहिला?

माळरान

@उत्तरायण, लोकसभा-विधानसभेपुरतं बरोबर आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचं तसं नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक रद्द होते आणि फेरनिवडणूक घेतात. त्यातही नोटाच पहिला आला तर मात्र उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं त्याला विजयी करतात. दात अर्धेच आहेत, पण आहेत. आणि ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार काही शे असतात, तिथे नोटा पहिला आणणं अशक्य कोटीतलं नाही.

शब्दवेल

यात एक भगदाड आहे. बिनविरोध. एकच अर्ज उरला की मतदानच होत नाही, मग नोटाचं बटण कुठून येणार? सुरतची २०२४ ची लोकसभेची जागा अशीच बिनविरोध गेली. गावकीत बिनविरोध म्हटलं की लोक कौतुक करतात, पण ज्याला नाही म्हणायचं होतं त्याचं 'नाही' तिथे संपतं. धागाकर्त्याने संमतीचा मुद्दा काढलाय, तर संमती न विचारताच गृहीत धरली जाते ती इथे.

तिठा

+१. बिनविरोधवर वेगळा धागा हवा.

गोदाकाठ

@कोरी_पाटी, तुमचा 'मत म्हणजे संमती' हा पायाच मला पटत नाही, बाकी नंतर.

सोमवारपासून तहसील कार्यालय, शाळा, दवाखाना कुणीतरी चालवणारच आहे. 'कुणीच नको' हा पर्याय प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. म्हणून मत म्हणजे लायकीचा दाखला नव्हे. येणाऱ्या माणसांपैकी कुणाच्या हातून कमी नुकसान होईल याचा तो अंदाज आहे. असा अंदाज न देण्याने माझे हात स्वच्छ राहतात असं मानणं मला चुकीचं वाटतं. नुकसान होतंच, फक्त त्यात माझा शब्द नसतो.

आणि ते कुणाचं होतं बघा. घरी बसलेला सुशिक्षित माणूस खासगी दवाखान्यात जातो, पोरं खासगी शाळेत घालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही याने ज्याचं आयुष्य बदलतं त्याला भ्रमनिरास परवडत नाही. २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरला ७० टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के. गडचिरोलीतली माणसं राजकारणावर जास्त खूश आहेत म्हणून हे झालं असं मला वाटत नाही.

अबोली

गोदाकाठ, मुद्दा जोरदार आहे, पण शेवटी एक गल्लत होतेय. न जाणाऱ्यांमध्ये फक्त खासगी दवाखानेवाले नसतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होऊन पाचच दिवस झाले होते. ऊसतोड मजूर फडावर, नाव गावच्या यादीत. टपाली मतपत्रिका त्यांच्यासाठी नाही. घरून मतदान ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना, तेही आधी १२-ड हा अर्जाचा नमुना भरून. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५-ब नुसार मालकावर बंधनकारक आहे, पण मोडल्यास दंड पाचशे रुपयांपर्यंतच. मुकादमाच्या उचलीवर काम करणारा माणूस ही सुट्टी मागणार कुणाकडे?

नैतिकतेची भाषा करताना 'नाकारलं' आणि 'पोचताच आलं नाही' हे आधी वेगळं करा. आणि पोचता न येणारे इतके असताना पोचता येणाऱ्याने केवळ वैतागून न जाणं मला जास्त खुपतं. म्हणजे निष्कर्ष तुमचाच, रस्ता दुसरा.

निर्वात

मी धागाकर्त्याच्या बाजूने.

'कमी वाईट' निवडत राहण्याचा एक परिणाम इथे कुणीच मोजत नाहीये. तुमचं मत समोरच्याच्या भीतीने हमखास मिळणार हे पक्षाला एकदा कळलं की चांगला उमेदवार द्यायचं त्याला कारण उरत नाही. गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट का देतात? मतं तुटत नाहीत म्हणून. दर वेळी 'निदान हा तरी' म्हणणारा मतदार पट्टी खाली खाली नेतो. कधीतरी ठाम 'नाही' म्हणावंच लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरं, अभ्यास न करता दिलेलं मत हेही इतरांचं नुकसानच करतं. ज्याला उमेदवार माहीत नाहीत, ज्याने शपथपत्र उघडून पाहिलेलं नाही, त्याने केवळ कर्तव्य म्हणून बटण दाबण्यापेक्षा न गेलेलं बरं.

खडूफळा

@निर्वात, मग अभ्यास करा ना! नमुना २६ चं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर अर्ज भरल्यापासून दिसतं. प्रलंबित गुन्हे, कलमं, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सगळं त्यात आहे. दहा उमेदवार असले तरी एका संध्याकाळचं काम. 'माहीत नाही म्हणून गेलो नाही' याला मी नैतिक म्हणणार नाही.

निर्वात

माहिती मिळवणं कर्तव्य आहे, मान्य. ती मिळवूनही सगळे नापास ठरले तर?

केंद्राध्यक्ष_निवृत्त

@निर्वात, तर जाऊन नोटा दाबा. का, ते सांगतो, कारण तुमचा 'पक्षाला कळलं पाहिजे' हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

निकालानंतर नमुना २० तयार होतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कुणालाही उतरवून घेता येतो. एका ओळीत एक मतदान केंद्र: केंद्राचा क्रमांक, प्रत्येक उमेदवाराची मतं, वैध मतांची बेरीज, बाद मतं, नोटा, एकूण, प्रदत्त मतं (ज्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं त्याने दिलेली). पक्षाचे जाणते कार्यकर्ते निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात हाच कागद घेऊन बसतात. कुठल्या केंद्रावर आपण मागे, कुठे किती फरक, पुढच्या वेळी कुठल्या गल्लीत जायचं, सगळं त्यावरून ठरतं.

आता या कागदावर घरी बसलेल्या माणसाला शोधा. त्याच्यासाठी रकानाच नाही. एका केंद्राच्या यादीत अकराशे नावं आहेत आणि एकूण मतं चारशे, तर कार्यकर्ता त्याचा अर्थ लावतो की इथले लोक बाहेर पडत नाहीत, इथे वेळ घालवू नका. त्या वस्तीचा रस्ता पुढच्या यादीतून गळतो तो असा. त्याच केंद्रावर नोटाच्या रकान्यात दीडशे दिसले आणि विजयाचा फरक त्याहून कमी असला, तर तो थांबतो आणि 'हे कोण' म्हणून विचारतो. २०२४ ला वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी गेली आणि नोटा तिथे १५ हजारांच्या वर होता. दोन्ही बाजूंनी तो रकाना बारकाईने वाचला असणार.

नाराजी नोंदवायची असेल तर ती जिथे वाचली जाते तिथे नोंदवा.

उत्तरायण

हे पटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळालं.

शब्दवेल

मालेगाव मध्य, विधानसभा २०२४, फरक १६२. साकोली, तीच निवडणूक, फरक २०८. मुंबई महापालिका २०१७, प्रभाग २२०, दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं, शेवटी चिठ्ठी काढली. 'माझ्या एका मताने काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी.

निर्वात

हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. अशा जागा लाखात एक. फरक पडण्याच्या शक्यतेवर कर्तव्य उभं केलं तर ५० हजारांनी सुटणाऱ्या मतदारसंघात ते उरतच नाही. केंद्राध्यक्षकाकांचा नोंदीचा मुद्दा याहून पक्का, कारण तो फरकावर अवलंबून नाही.

इतिहासप्रेमी_सातारा

थोडं मागे जातो, अवांतर वाटलं तरी विषयातलंच आहे.

बहिष्काराचा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी ऐरणीवर होता. ब्रिटिश सरकारने दिलेल्या १९१९ च्या राजकीय सुधारणा तुटपुंज्या आहेत असं काँग्रेसचं मत होतं. टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली. मिळेल ते घ्या, कौन्सिलात (कायदेमंडळात) जा, उरलेल्यासाठी आत-बाहेर दोन्हीकडून भांडा. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी निवडणुकीसाठी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामाही काढला. १ ऑगस्टला ते गेले. असहकार आला आणि नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला. जागा रिकाम्या राहिल्या नाहीत, मवाळ आणि इतर पक्षांचे लोक निवडून गेले. १९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने निवडणूक लढवली, न. चिं. केळकर मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

पण १९२० चा बहिष्कार फसला असंही मी म्हणणार नाही. त्याच्या जोडीला शाळा-कोर्टांवरचा बहिष्कार होता, स्वदेशी होती, तुरुंगात जायची तयारी होती. मतदान न करणं हे त्या मोठ्या कामाचं एक अंग होतं. मला वाटतं, धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नकारासोबत दुसरं काय करता, त्यावर त्याची नैतिकता ठरते. नुसता नकार हे अर्धवट वाक्य झालं.

अबोली

फार सुंदर प्रतिसाद. जपून ठेवतेय.

सातपुडा

मग गावाच्या बहिष्काराचं काय? पूल नाही, पाणी नाही म्हणून अख्खं गाव मत देत नाही.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

तो इतिहासप्रेमींच्या कसोटीला उतरतो, पण त्याचं गणित नीट समजून घ्या. केंद्र ठरल्या वेळी उघडतंच. मतदानाआधी दीड तास किमान ५० मतांची चाचणी घेऊन, ती मतं पुसून ('क्लिअर' करून) यंत्र सील करतात आणि दिवसभर बसून राहतात. संध्याकाळी १७-सीवर शून्य. मतदानाची किमान टक्केवारी कायद्यात कुठेही नाही आणि बहिष्कार हे फेरमतदानाचं कारणही नाही. म्हणजे निकालावर परिणाम शून्य.

फळ मिळतं ते आधी. गावाने ग्रामसभेत ठराव करून तो तहसीलदारांना लेखी दिला की मतदानाच्या आधीच्या दिवसांत अधिकारी गावात येतात. चुकतं ते इथे. तोंडी आश्वासनावर बहिष्कार मागे घेतला जातो. आचारसंहितेत नवीन काम जाहीर करता येत नाही, त्यामुळे अधिकारी इच्छा असूनही फारसं लिहून देऊ शकत नाही. ठराव आचारसंहिता लागण्याच्या दोन-तीन महिने आधी द्यावा, कामाचा अंदाजपत्रक क्रमांक मागावा. आणि कुणाला मत द्यायचंच असेल तर त्याला अडवू नये. ते धमकावणं ठरतं आणि गुन्हा आहे.

तिठा

महापालिकेत पॅनेल पद्धत असते तिथे एकालाच मत देऊन बाकी जागा सोडता येतात का?

माळरान

बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते आणि प्रत्येक जागेसाठी बटण दाबावं लागतं. चार जागा तर चार बटणं. सगळी दाबून होईपर्यंत शेवटचा लांब बीप येत नाही. ज्या जागेला कुणीच नको तिथे नोटा. म्हणजे दोघांना पसंती, दोन ठिकाणी नकार असं बारीक मत इथे देता येतं, जे विधानसभेला जमत नाही. लोक एक बटण दाबून बाहेर यायला निघतात आणि खोळंबा होतो.

कोरी_पाटी (धागाकर्ता)

सगळं दोनदा वाचलं. संमतीबद्दलचं माझं मत कायम आहे. @गोदाकाठ, 'कमी नुकसानीचा अंदाज' हे तुमचं उत्तर ताकदीचं आहे, पण निर्वात म्हणतात तशी पट्टी खाली जाते, याचं उत्तर त्यात मला सापडलं नाही. बदललं ते एवढंच की नकार द्यायचा तर घरी बसून द्यायचा नाही. घरी बसलेल्या माणसाची संमती गृहीतच धरली जाते हे नमुना २० वरून लख्ख दिसलं.

गोदाकाठ

पट्टीचं उत्तर मतदानाच्या दिवशी मिळत नाही हे कबूल. ते तिकीट वाटपाच्या आधी मिळवावं लागतं. प्रभागातल्या पन्नास जणांनी सह्या करून स्थानिक पदाधिकाऱ्याला 'अमक्याला तिकीट दिलंत तर आम्ही सगळे नोटा' असं आधी कळवलं, तर त्याला ते वर सांगावं लागतं. मतदानाला दोन दिवस उरले असताना सुचलेल्या नकाराला हे बळ नसतं. मी स्वतः तरीही 'कमी वाईट'च्याच बाजूने राहीन, आपलं इथे जमणार नाही असं दिसतंय.

निर्वात

सह्यांची कल्पना आवडली. उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या किमान महिनाभर आधी हवी.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

आणि सह्या करणाऱ्यांची नावं त्याच प्रभागाच्या यादीत आहेत का ते आधी तपासा, नाहीतर पदाधिकारी पहिल्या पाच मिनिटांत कागद बाजूला ठेवतो. नवीन नाव नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्ज विचारात घेतात. स्थानिक निवडणुकीत मात्र राज्य आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची धरतो. त्या तारखेनंतर नाव आलं तर विधानसभेला चालतं, पण त्या पालिका निवडणुकीला चालत नाही. केंद्रावर सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. ओळखपत्र हातात असतं, पण यादीत नाव नसतं.

तिठा

नमुना ८ आजच भरतोय. धन्यवाद काका.